फक्कीचं रिंगण

कोंबडीला अंडं घालायचं होतं म्हणून आमची अख्खी वखार बंद राहिली होती, असं मी सांगतो तेव्हा पोलादपूरच्या स्टँडवरचे लोक चहा सांडेपर्यंत हसतात. हसा. पण मी तिथं होतो. मुंबईच्या तबेल्यांना जाणारे ट्रक रांगेत उभे, ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमलेले, शेठ फोनवर कुणाची तरी समजूत घालतायत, आणि गवताच्या गाठींच्या थप्पीसमोर, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रिंगणाच्या बरोबर मधोमध, एक तांबडी कोंबडी डोळे मिटून बसलेली. रिंगणाबाहेर उलट्या घमेल्यावर आमचा ओळंबा बसलेला. मशीनची किल्ली बनियनच्या आतल्या खिशात, आणि हातातल्या बशीत चहा.

"काका, हुसकावा ना तिला," शेठ म्हणाले.

"अडलेली बाईमाणूस हाय. मी नाय हुसकावणार."

"अहो, कोंबडी आहे ती!"

"आत जीव हाय तोवर किल्ली खिशात. आपलं ठरलंय ना शेठ?"

ठरलं होतं खरं. काही लोक सांगतात की कोंबडी घटकाभरात उठून गेली. त्या लोकांना गोष्ट सांगता येत नाही. माझ्या आठवणीप्रमाणे चहाचं दुसरं आधण चढलं, एक ट्रकवाला जेवून आला, एकाला झोप लागली, आणि मग कुठे बाई उठल्या. अंडं दोन बलकांचं निघालं. ओळंब्याने ते उचलून शेठच्या हातात ठेवलं, रिंगणाभोवती एक फेरी मारली आणि खिशातून किल्ली काढली.

त्यांचं खरं नाव वखारीच्या मस्टरवर होतं आणि ते तिथंच राहिलं. तोंडावर आम्ही "काका" म्हणायचो आणि पाठीमागे "ओळंबा". ते त्यांना ठाऊक होतं. उलट थोडा अभिमानच होता.

आधी मशीन सांगतो, कारण महाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत तसलं दुसरं कुणाकडे नव्हतं. शेठ मूळचे इकडचेच. मुंबईत तबेल्यांना गवत पुरवता पुरवता मोठे झाले आणि कापडे गावाच्या बाजूला उतारावरची जमीन घेऊन त्यांनी वखार टाकली. भातकापणी झाली की आसपासचा पेंढा आणि डोंगरावरचं वाळलेलं गवत तिथं यायचं, दाबून त्याच्या गाठी व्हायच्या, गाठी मुंबईला जायच्या. मी काट्यावर बसायचो. ट्रक रिकामा किती, भरलेला किती, एवढं बघायचं. गाठी डोक्यावरून चढवणारी माणसं एकेक करून मुंबईला गेली, तेव्हा शेठनी कुठल्याशा बंदरावरून एक जुना टेलीहँडलर आणला. चाकं ट्रॅक्टरची, पुढे दोन पोलादी सुळे, आणि पाठीवरून निघालेला एक लोखंडी हात. तो हात दुर्बिणीसारखा आतल्या आत सरकतो, आणि बाहेर यायला लागला की येतच राहतो. पहिल्या दिवशी तो पूर्ण लांब केला तेव्हा मला वाटलं, आता हा समोरच्या डोंगरावरच्या गुराख्याच्या हातातली बिडी पेटवून येतो. "टेलीहँडलर" हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. सुळे होते, सोंड होती. लोकांनी त्याचा हत्ती करून टाकला.

हत्तीला माहूत पाहिजे म्हणून काका आले. मुंबईच्या गोदीत आयुष्यभर क्रेन चालवली, निवृत्त झाले, आणि गावच्या बौद्धवाडीत घर बांधून राहिले. उंचीने बेताचे. पण बोलणं असं की गोदी यांनी बांधली आणि समुद्र मागाहून आणून भरला. बोटीतून रेल्वेचं इंजिन उतरवलं तेव्हा आतला पाण्याचा पेला हलला नाही, हे ते शपथेवर सांगत. मी थापांच्या बाबतीत कुणाला गुरू मानत नाही. पण त्या पेल्यापुढे मी टोपी काढली आहे.

गवंड्याकडे भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधलेला लोखंडी गोळा असतो, तो ओळंबा. काकांनी तो हत्तीच्या केबिनमध्ये डोळ्यांसमोर टांगला होता, आणि काचेवर दोन बाजूंना खडूच्या दोन रेघा मारल्या होत्या. मशीन कललं की दोरी रेघेकडे सरकायची. रेघेला दोरी लागली की सोंड खाली, ओझं खाली आणि काका खाली. मशीनला मूळचं तसलं काहीतरी होतं, पण त्याने बंदरावरच मान टाकली होती. एका ट्रकवाल्याला वाटलं, हा कुठल्यातरी बाबाने दिलेला उतारा आहे. त्याने आपल्याही ट्रकात एक टांगला. कशेडीच्या घाटात तो गोळा वळणावळणाला त्याच्या कानशिलात बसायचा. बिचाऱ्याने पावसाळ्यापर्यंत सहन केलं, कारण म्हणे धंदा वाढला होता.

सकाळी मशीनला हात लावण्याआधी काका चपला काढायचे आणि काठी घेऊन अनवाणी सगळ्या आवाराची फेरी करायचे. चार पावलं चालायचं, काठीने जमीन ठोकायची, तळवा टेकवून उभं राहायचं.

"काय बघता काका?" मी एकदा विचारलं.

"उंदीर."

"पायाने?"

"काटेवाले, ही जमीन नाय, हे पांघरूण हाय. शेठनी भाताच्या खाचरांवर मुरूम टाकून सपाट केली. खाली जुने बांध तसेच झोपलेत, आणि बांधात उंदरांची नि खेकड्यांची बिळं. आपला हत्ती त्यांच्या घरावर उभा राहिला तर उंदराचं काय जातंय? तो दुसरीकडे ऱ्हायला जाईल."

मग पोकळ लागलेल्या जागी ते खुंटी ठोकून ठेवत, आणि सोंड जिथवर पोचेल तिथवर फक्कीचं रिंगण आखत. वखारीच्या कडेने विजेची तार जात होती. सोंड उभी असताना तिकडे जायचं नाही, याची खूण म्हणून तारेच्या अलीकडे त्यांनी बांबू रोवून लाल फडकी बांधली. आता आमच्याकडे लाल फडकं दिसलं की नारळ फुटलाच. आधी शेंदूर आला, मग अगरबत्ती, मग एक बाई लेकाच्या नोकरीसाठी नवस बोलून गेली, आणि लेकाला नोकरी लागली! त्यानंतर काय विचारता. काका डोक्याला हात लावून बसले. "तारेपासून लांब ऱ्हावं म्हणून फडकी लावली, तर मेले जत्रा भरवतायत तारेखाली!"

त्यांची कळशी तर तालुक्यात गाजली. कुणी म्हणालं की "काका, जवळ कशाला जाता, लांबूनच उचला की," तर ते भरलेली कळशी त्याच्या हातात द्यायचे. आधी छातीशी धरायला लावायचे. जड आहे? नाही. आता हात लांब कर. सरळ. कोपर वाकवायचं नाही. आता?

एकदा शेठच तसं म्हणाले. पांढरा शर्ट, खिशात सोनेरी पेन, आणि हातात कळशी. हात लांब केला मात्र, शेठ कळशीच्या मागोमाग पुढे ओणवे होत गेले, जसं काही कळशी त्यांना विहिरीकडे परत नेत होती. सगळं पाणी बुटांत.

"पाणी तेवढंच होतं शेठ," काका म्हणाले. "हात लांब झाला. हत्तीचंबी तसंच. गाठ तीच, पण सोंड लांब गेली की तीच गाठ त्याला नाकावर पाडते."

कळशी सगळ्यात जास्त वेळ धरली ती वामनने. वामन आमचा गाठी रचणारा गडी, दोन मुलींचा बाप, खांदे असे की त्याच्या सावलीत दोन माणसं जेवायला बसावीत. तो हसत उभा राहिला. कापड्याकडून एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली, वामनचा हात सरळच. शेवटी काकांनीच कळशी काढून घेतली. "पुरे रे. मला पटवायचं होतं, तू मलाच खोटं पाडतोस."

त्या दिवसापासून वामन त्यांचा झाला. दुपारी जेवण झालं की दोघे केबिनमध्ये. काका मागे उभे, वामन सीटवर, पट्टा आवळलेला, सोंड जमिनीच्या वीतभर वर. "हत्तीने सोंड खाली घेऊन चालायचं. सोंड वर करून मिरवतो तो सर्कशीतला." उतरताना सुळे जमिनीला टेकवायचे, ब्रेक ओढायचा, किल्ली काढायची, एवढं केल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. वामनने एकदा किल्ली तशीच ठेवून उडी मारली, तर काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "माझ्यामागं हा हत्ती तुझा हाय. म्हणून बोलत नव्हतो."

ते गोड म्हातारे होते असं मी म्हणणार नाही. वारा सुटला की काम बंद. पायात चप्पल असलेला माणूस दिसला की आधी त्याला बूट घालायला पिटाळायचे, मग काम. वखारीतल्या प्रत्येक माणसाशी त्यांचं निदान एकदा वाजलं होतं. जरा भीतीच होती त्यांना सगळ्याची. मुंबईहून लेकीकडून परत आले की वीर स्टेशनवर रिक्षात बसताना स्वतःला उपरण्याने मागच्या दांडीला बांधून घेत. एकदा महाड आलं आणि गाठ सुटेना. मागे प्रवासी खोळंबलेले, रिक्षावाला नवीन. त्याने सांगितलं, आजोबा तुम्ही बसा, आणि त्यांना तसंच घेऊन पुढच्या रेल्वेचे प्रवासी गाठायला परत वीरला गेला. काका वीर–महाड असे संध्याकाळपर्यंत फिरत होते असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच. पण एक फेरी जास्तीची झाली होती, हे त्यांनी स्वतः कबूल केलं.

मार्चमध्ये मात्र ते कुणाचे नसत. चवदार तळ्यावर माणसं जमायची, त्या दिवसांत काका पांढऱ्या कपड्यांत, हातात फक्कीची पाटी, रांगांसाठी रेघा आखत फिरत. मी एकदा बघायला गेलो. एवढी माणसं, पण त्यांनी आखलेल्या रेघेच्या आत कुणी पाऊल टाकत नव्हतं. लहान मुलाला आई हाताला धरून मागे ओढत होती. "बघा काटेवाले," ते मला म्हणाले, "इथं माझ्या रेघेला केवढा मान हाय. आणि तुमच्या वखारीत कोंबडी विचारत नाय."

मी हसलो. तेव्हा सगळ्यालाच हसू यायचं.

मग साहेब येणार असं ठरलं. कुठले साहेब, कुठला पक्ष, ते विचारू नका. साहेब बदलतात, हार तोच असतो. शेठना हायवेच्या फाट्यावर स्वागत करायचं होतं. मोठा झेंडूचा हार क्रेनला टांगायचा आणि वरून फुलांचा पाऊस, जसं आता सगळीकडे करतात. शेजारच्या तालुक्यात कुणीतरी दोन जेसीबी उभे केले होते, बकेटमध्ये माणसं उभी करून फुलं उधळली होती, आणि तो व्हिडिओ शेठच्या फोनमध्ये होता.

"हार टांगतो," काका म्हणाले. "कितीबी मोठा आणा. हाराला बायकापोरं नसतात."

"आणि फुलं?"

"फुलं खालून टाका."

"खालून कशी टाकणार काका? पाऊस खालून पडतो का? सुळ्यांवर एक लाकडी पाट ठेवायचा, दोन टोपल्या, एक माणूस. वामन उभा राहील. पाच मिनिटांचं काम."

"शेठ, हा गाठी उचलायचा हत्ती हाय. त्याच्यावर माणूस नाय चढवायचा."

"सगळीकडे चढवतात!"

"चढवत असतील. मी नाय चढवणार."

शेठ वाईट माणूस नव्हता. कोंबडीसाठी त्याने ट्रक थांबवले होते. पण फाट्यावर मंडप घालून झाला होता, बॅनरवर साहेबांच्या शेजारी स्वतःचा फोटो लागला होता, आणि सगळी वखार आजूबाजूला उभी राहून ऐकत होती. तो एकदम मुंबईच्या आवाजात बोलला. "मग किल्ली द्या. सुरेश चालवेल."

सुरेश आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. लांबून बघून बघून शिकलेला, हाताला सफाई होती. तो मान खाली घालून चप्पल घासत होता.

काकांनी बनियनच्या आतल्या खिशातून किल्ली काढली, उपरण्याने पुसली. शेठच्या हातात दिली नाही. वाकून माझ्या काट्याच्या लोखंडी पाटावर ठेवली आणि घरी गेले. मी सवयीने आकडा बघितला. शून्यच होता. ट्रकचा काटा, त्याला किल्ली काय कळणार.

स्वागताच्या दिवशी मी फाट्यावर पोहोचलो तर काका आधीच हजर. फक्कीची पाटी घेऊन त्यांनी डांबरी रस्त्यावर एवढं मोठं रिंगण आखलं होतं की मी तरी आयुष्यात तेवढं बघितलं नाही. बायकांना वाटलं, स्वागताची रांगोळी आहे. त्यांनी आत झेंडूच्या पाकळ्या पसरल्या, एकीने मधोमध दिवा ठेवला. कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी काकांना व्यवस्थेतला माणूस समजून त्यांच्या खिशाला बिल्ला लावला. काका बिल्ला लावून ओरडत होते, "रेषेबाहेर! सोंडेखाली कुणी नाय! रेषेबाहेर!" आणि माणसं सोंडेखालीच फोन वर करून उभी.

वामन पाटावर चढायला आला तेव्हा काकांनी त्याचं मनगट धरलं.

"वामन्या, नको."

"काका, सोडा ना. शेठ बघतायत."

"कळशी आठव."

"कळशीत मी पयला आलेलो!" वामन मोठ्याने म्हणाला, आणि सगळा फाटा हसला. वामन वाईट बोलणारा नव्हता. हसू ऐकल्यावर त्याचं त्यालाच वाटलं असावं, कारण तो वाकून हळू म्हणाला, "रागावू नका. पयली मूठ तुमच्या डोक्यावर टाकतो."

सुरेशने सोंड उचलली. वामन वर गेला, आणखी वर गेला. आमच्या वामनला तसं कुणी कधी बघितलं नव्हतं. ढोल वाजले, साहेब गाडीतून उतरले, आणि वामनने पहिली मूठ खरंच काकांच्या डोक्यावर टाकली. मग पाऊस. टोपल्याच्या टोपल्या. साहेबांनी हात जोडून वर बघितलं. सोंड खाली आली, वामन उडी मारून उतरला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ मुंबईपर्यंत जाऊन आला.

काही झालं नाही.

काका रिंगणाच्या कडेला उभे होते, डोक्यावर पाकळ्या, खिशाला बिल्ला. त्यांनी पाकळ्या झटकल्या नाहीत. कुणीतरी ओरडलं, "काय काका, पडला का तुमचा हत्ती?" आणि काका घराच्या वाटेला लागले.

काही झालं नाही, हे वाक्य मग आमच्याकडे फार चाललं. लग्नाच्या मंडपाला माळा लावायच्या? वामनला चढवा. उंचावरचे फणस काढायचे? वामनला चढवा. गणेश मंडळाचा बॅनर? फाट्यावर काही झालं नाही, इथं काय होतंय! फक्कीचं पोतं वखारीच्या कोपऱ्यात ओल धरून दगड झालं. खुंट्या कुणीतरी चुलीला नेल्या. लाल फडक्यांना मात्र नारळ येत राहिले. त्या दिवशी काही झालं नाही, हेच झालं. आता इतक्या दिवसांनी मला ते दिसतं, आणि दिसून काय उपयोग.

काका वाडीतून बाहेर पडेनासे झाले. वामन अधूनमधून त्यांच्या अंगणात जाऊन बसायचा. काका त्याला चहा द्यायचे, मुलींची विचारपूस करायचे. मशीनबद्दल दोघेही बोलायचे नाहीत, असं त्याच्या बायकोने मला मागाहून सांगितलं.

गणपती गेल्यावर दोन दिवस वारा झाला आणि वखारीच्या मागच्या बाजूचा एक पत्रा उचकटला. खाली पेंढा भिजत होता. भिजलेला पेंढा काळा पडतो, तबेलेवाले परत पाठवतात. सकाळची वेळ होती, उजेड चांगला होता, सण नव्हता, साहेब नव्हते, ढोल नव्हता. सुरेशने मशीन काढलं, वामन हातोडी आणि खिळे घेऊन पाटावर उभा राहिला.

सुरेशला मी बोल लावत नाही. त्याने त्याच्या परीने काळजीच घेतली होती. छपरालगतची जमीन ओली, म्हणून त्याने मशीन लांबच उभं केलं, आणि तिथून सोंड लांब काढली. लांब, आणखी लांब. ओळंबा केबिनमध्येच होता. डोळ्यांसमोर लुडबुडतो म्हणून सुरेशने दोरी गुंडाळून तो आरशाला अडकवून ठेवला होता.

मी काट्याच्या खोलीतून आलो तेव्हा पुढचं एक चाक मुरमात बसत होतं. घाई नव्हती त्याला. खालचा जुना बांध खचत होता आणि हत्ती हळूच, नमस्कार करावा तसा, पुढे वाकत गेला. वामनने वर बघितलं, खाली बघितलं. हातोडी त्याच्या हातातच होती.

महाडला पोहोचेपर्यंत तो गेला. सुरेश वाचला. पण त्यानंतर त्याने कुठल्याच गाडीच्या चाकाला हात लावलेला नाही. आता मुंबईला भावाच्या दुकानात बसतो आणि रस्त्याकडे पाठ करून बसतो.

मातीला काका आले. अनवाणी आले. वामनच्या अंगणात गर्दी होती, ती आपोआप बाजूला झाली. त्यांच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी बाजूला सारली आणि ओट्यावर वामनच्या आईजवळ जाऊन बसले. म्हातारीने त्यांचा हात धरला.

"तू सांगितलंतंस रे. माझ्या पोराला तू सांगितलंतंस."

मी तिथंच होतो, शेठ माझ्या मागे. काका आता आमच्याकडे वर बघतील, असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"सांगितलं गो," ते म्हणाले. "पण फाट्यावर त्या दिवशी एक टोपली तरी पडायला हवी होती."

चौकशी झाली, जबाब झाले, मोठी क्रेन आणून हत्ती उभा केला गेला. तो मागच्या बाजूलाच, ज्या जागी वाकला होता तिथंच उभा होता. भातकापणी झाली, नवा पेंढा येऊ लागला, मुंबईचे ट्रक परत रांगेत लागले, आणि मशीनला हात लावायला कुणी धजेना. एक दिवस शेठ माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, चला. आम्ही दोघे बौद्धवाडीत गेलो.

काका अंगणात होते. शेठनी किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली. मुंबईचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"काका, परत या. तुमचा नियम, तुमचं रिंगण. मीसुद्धा आत पाऊल टाकणार नाही. कुणालाही टाकू देणार नाही."

काकांनी किल्ली घेतली, उपरण्याने पुसली, बनियनच्या आतल्या खिशात ठेवली. शेठनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, अंगणातला पाचोळा उडतो की काय. घरातून नवी फक्कीची पिशवी घेऊन काका आमच्याबरोबर निघाले.

वखारीत शिरताना त्यांनी चपला काढल्या. काठीने ठोकत ठोकत मागच्या बाजूला गेले. जुन्या खुणा पावसाने धुतल्या होत्या, पण ते बरोबर त्या जागी थांबले. मग वाकून त्यांनी हत्तीच्या भोवती, वामन पडला ती जागा आत घेऊन, सावकाश एक रिंगण आखलं. कुठे रेघ बारीक झाली तर परत मागे जाऊन जाड केली. एवढं झाल्यावर एक घमेलं उलटं करून ते रिंगणाबाहेर बसले आणि मला म्हणाले, "काटेवाले, चहा सांगा."

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घालून प्यायला. पुढून ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकू येत होते. शेठ कधी रिंगणाकडे बघत होते, कधी काकांच्या खिशाकडे. आत कोंबडीसुद्धा नव्हती.

"काका," शेठनी शेवटी विचारलं, "करताय ना चालू?"

"करतो की."

"रिंगण तर मोकळं आहे."

काकांनी बशी खाली ठेवली. त्या पांढऱ्या रेघेच्या आत बघितलं.

"आत माणूस हाय अजून," ते म्हणाले.

शेठ पुढे गेले, आणि ट्रकवाल्यांना हॉर्न बंद करायला सांगून आले.